दहा आठवडे मरायला मनाई

रेगेन्सबर्गमधलं घर बघायला आम्ही गेलो, तेव्हा घरमालकांनी पहिलाच प्रश्न वासाचा विचारला. परदेशात भाड्याचं घर शोधणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न पाठ असतो. मी लगेच घोकून आणलेली उत्तरं द्यायला लागले. खिडक्या उघड्या ठेवू, फोडणीच्या वेळी पंखा लावू, हिंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते नाही. मी तुमच्या नाकाबद्दल विचारतोय. नाक चांगलं आहे का तुमचं?"

नवऱ्याने सांभाळून घेतलं. "हिचं नाक फार तीक्ष्ण आहे. दूध नासणार असलं की हिला आदल्या दिवशी कळतं."

"गेनाऊ, तेच हवंय," ते म्हणाले, "मग घर तुमचं."

आमच्याआधी दोन जर्मन कुटुंबं घर बघून गेली होती. सॉफ्टवेअरची एवढी शिक्षणं घेऊन शेवटी मला घर मिळालं ते नाकावर, हे मी अजून मैत्रिणींना सांगते.

ते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. उंच, हाडकुळे, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची नोकरी झाली होती. दुकानातले तराजू, पेट्रोलचे पंप, खानावळीतल्या ग्लासांवरच्या रेघा, हे सगळं बरोबर आहे की नाही ते बघत त्यांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नव्हती. खानावळीत बियर आली की ग्लास डोळ्यांच्या पातळीला धरून फेस बसेपर्यंत थांबायचे, आणि रेघेच्या खाली भरली असेल तर काही न बोलता ग्लास परत करायचे. एकदा आमच्याकडे आमटी जेवले. कृती विचारली. मी म्हटलं, एक वाटी डाळ. "एक वाटी म्हणजे किती?" मी म्हटलं, वाटी म्हणजे वाटी. दुसऱ्या दिवशी ते मोजपात्र घेऊन आले, माझ्या पाचही वाट्या पाण्याने मोजल्या, आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की या पाच वाट्यांत कुठल्याही दोन सारख्या नाहीत. मग त्यातल्या एका वाटीच्या तळाला त्यांनी रंगाचा ठिपका लावला. ती अधिकृत वाटी. ती अजून आमच्याकडे आहे आणि मी अजून तिनेच डाळ घेते.

मला ते 'फ्राऊ नाखबारिन' म्हणायचे, म्हणजे शेजारीणबाई. मी त्यांना 'हेर नाखबार' म्हणायचे. चार वर्षांत यापेक्षा जवळचं संबोधन त्यांनी दिलं नाही आणि मागितलंही नाही.

आता नाकाचं. तळघरात त्यांचा एक जुना फ्रीज होता, फळं टिकवण्याचं एक मोठं विजेचं पातेलं होतं, स्टुलाला स्क्रूने घट्ट केलेली हातचक्की होती आणि झाकणाची एक पांढरी प्लॅस्टिकची बादली होती. एवढ्या सामानावर ते वर्षातून दोनदा, अगदी धान्य भरडण्यापासून सुरुवात करून, पिल्सनर बियर करायचे. एका खेपेला अर्ध्या लिटरच्या पंचेचाळीस बाटल्या. त्यातल्या पाच चाखून बघायच्या, त्यांना निळं रबर. उरलेल्या चाळीस त्यांच्या स्वतःच्या मयतीच्या जेवणासाठी.

हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले होते. इकडे दफन झाल्यावर सगळी माणसं जवळच्या खानावळीत बसून जेवतात, एकेक बियर घेतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. तशी जुनी पद्धतच आहे. पण स्वतःच्या जेवणाची तयारी स्वतःच करून ठेवणारा माणूस मी कुठे बघितला नव्हता. ते हसले नाहीत. त्यांची बायको साथीच्या वर्षी गेली होती. कबरीपाशी मोजून दहा माणसं, तोंडाला मास्क, एकमेकांपासून लांब उभी. खानावळी बंद. पाद्री दोन शब्द बोलले आणि जो तो आपापल्या घरी गेला. "पन्नास वर्षं ती या गल्लीत राहिली," ते म्हणाले, "आणि तिच्यामागे कोणी एका टेबलाशी बसलं नाही. माझ्या वेळी बसतील. आम्हा दोघांचं एकदम." एवढंच. चाळीस माणसं, प्रत्येकाला एक बाटली. मी विचारलं, एक्केचाळिसावा आला तर? म्हणाले, "तो तिच्या ओळखीचा असणार. माझ्या ओळखीचे चाळीससुद्धा नाहीत."

त्यानंतर मी त्या तळघरात हसले नाही.

पण पिल्सनर वर्षानुवर्षं टिकत नाही. सहा महिन्यांनी तिची धार जाते, आणि शिळी बियर पाजून त्यांना माणसांना निरोप द्यायचा नव्हता. म्हणून दर सहा महिन्यांनी जुन्या बाटल्या गल्लीत वाटून टाकायच्या आणि नवी खेप लावायची. वाटताना प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचे, "याही वेळी लागली नाही." लोक 'वा, अभिनंदन' म्हणून घ्यायचे. अडचण एकच होती. फ्रीज एक. बादली आत ठेवायची तर बाटल्या बाहेर निघायला हव्यात. बादलीत दोन-अडीच आठवडे, मग बाटल्यांत भरून जवळपास गोठणबिंदूवर सात-आठ आठवडे. हे दहा आठवडे त्यांच्याकडे पाजण्याजोगी बियर नसायची. त्या काळात मरायला त्यांनी स्वतःला मनाई केली होती.

ही मनाई ते अक्षरशः पाळायचे. एरवी बल्ब बदलायला शिडीवर चढणारा माणूस त्या दहा आठवड्यांत जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरायचा. रानातली अळंबी बंद. सायकल बंद. नदीकाठी बर्फ साचला की फिरणं बंद. आमची लेक तेव्हा किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जात होती. तिला सगळा कायदा समजला होता. ते बाहेर पडताना दिसले की ती खिडकीतून ओरडायची, "हॉयटे निश्ट श्टेर्बेन!" म्हणजे आज मरायचं नाही. ते टोपी काढून म्हणायचे, "याव्होल, जशी आज्ञा!" आणि रस्ता ओलांडायला हिरव्या दिव्याची वाट बघत उभे राहायचे.

बियर करायच्या दिवशी मला रजा काढावी लागायची. मी पुण्यात ज्या घरात वाढले तिथे दारूची बाटली फक्त पेपरातल्या जाहिरातीत दिसायची, आणि इथे मी एका बियरखान्याची अधिकृत नाकवाली झाले होते. आईला फोनवर मी याला 'घरमालकांचं आंबवणाचं काम' म्हणत असे. खोटंही नव्हतं ते.

पाणी इथलं चालायचं नाही. रेगेन्सबर्गचं पाणी जड, चुनखडीचं. पिल्सनरला मऊ पाणी लागतं. म्हणून आदल्या दिवशी ते रेल्वेने बायरिश वाल्डच्या डोंगराळ जंगलात आपल्या आजोळच्या गावी जायचे आणि झऱ्याचं पाणी डब्यांत भरून, दोन चाकांच्या हातगाडीवर बांधून आणायचे. एवढ्या वयात, दर वेळी. मग जवाचं माल्ट भरडायचं. आपण नाचणीला मोड आणून वाळवतो तसंच जवाचं केलेलं असतं. ते गरम पाण्यात घालून ठरावीक उष्णतेवर धरून ठेवायचं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. झाली की नाही हे बघायला पांढऱ्या बशीत एक थेंब घ्यायचा आणि त्यावर आयोडिनचा थेंब टाकायचा. निळंकाळं झालं तर अजून पीठ शिल्लक, थांबायचं. पिवळं राहिलं तर पुढे. मी घड्याळाकडे बघितलं की त्यांना राग यायचा. "घड्याळाला काय माहीत? बशीला विचारा."

गाळून उरलेला चोथा ते आधी कोणाच्या तरी कोंबड्यांना द्यायचे. पहिल्याच वेळी मी त्यातला निम्मा वर आमच्याकडे नेला, ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची घालून थालीपिठं लावली आणि खाली पाठवली. त्यांनी चार खाल्ली. त्या दिवसापासून कोंबड्यांचं बंद झालं.

माझं खरं काम पुढे असायचं. बादलीत यीस्टचं काम संपत आलं की एक लोण्याचा वास येतो. तो आला की बादली दोन दिवस फ्रीजबाहेर काढायची, मग तो जातो. त्यांच्या नाकाला म्हातारपणी लोणी कळेनासं झालं होतं. मला लगेच कळायचं. आणि बाटल्यांत भरल्यावर सुरुवातीला विझलेल्या काडीसारखा एक वास असतो. थंडीत तो हळूहळू विरतो. पूर्ण विरला की बियर तयार. मी निळ्या रबराची बाटली हुंगून 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं आणि त्यांनी वहीत लिहायचं.

त्या वहीत खाडाखोड चालत नसे. चुकीचा आकडा पडला तर पट्टी ठेवून त्यावर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. मी एकदा खोडरबर पुढे केलं तर म्हणाले, "चूक वाचता आली पाहिजे."

एकदा मी आमच्याकडे मयताला जाळतात हे सांगत होते. त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत. ते हादरलेच. "त्याच दिवशी? आणि लोक पोचणार कधी?" मग मी तेराव्याचं सांगितलं, त्या दिवशी गोड करतात, घर पुन्हा सुरू होतं. ते त्यांना पटलं. जाळण्याचं मात्र नाही. "मला नका जाळू. आयुष्यभर कमी मापाचे ग्लास परत केले मी. मी जाणार तो पुऱ्या मापाने. एक मीटर शहाऐंशी. तिच्या शेजारी."

आता जे सांगायचं आहे ते मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्या सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीला इडल्यांचं काम माझ्याकडे आलं. साठ माणसांचं पीठ आंबवायला घरात भांडं नव्हतं. घरमालक आजोळी गेले होते. तळघरातली पांढरी बादली मी उचलली. परत आल्यावर सांगू, त्यात काय, असं मनाशी म्हटलं. पीठ झकास फुललं. इडल्यांची वाहवा झाली. घरी आल्यावर मी बादली घासायला घेतली, आणि दुसऱ्याची वस्तू परत करताना आपल्या घरून आलेली जशी चकचकीत दिसली पाहिजे तशी घासली. तारेच्या घासणीने, अर्धा तास. कोपरे, तळ, झाकणाची खाच. नवऱ्याने दारातून बघून म्हटलंसुद्धा, "अगं, प्लॅस्टिक आहे ते, झिजेल." मी म्हटलं, "आंबट वास राहिला तर त्यांना काय वाटेल?" वाळवून जागेवर ठेवली आणि सांगायचं विसरून गेले.

ऑक्टोबरात त्यांनी नवी खेप लावली. डिसेंबरात आम्ही निळ्या रबराची पहिली बाटली उघडली. मी नाक जवळ नेलं. विझलेल्या काडीचा वास नव्हता. दुसराच होता, आणि तो मला लहानपणापासून ओळखीचा होता. थंडीच्या दिवसांत आईच्या स्वयंपाकघरात रात्रभर उबेला ठेवलेल्या इडलीच्या पिठाचा.

त्यांनी एक घोट घेतला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग उठून बादली घेतली, आत हात घातला आणि बोटाची टोकं भिंतीवरून हळू फिरवली. आंधळा माणूस अक्षरं वाचतो तशी.

"कशाने घासलीत?"

"तारेच्या घासणीने."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

प्लॅस्टिकवर चरे पडले की त्यांत जंतू घर करतात, मग कितीही धुवा, निघत नाहीत. हे त्यांनी मला तेव्हा समजावून सांगितलं, रागावून नाही, माहिती देण्याच्या सुरात. मी रडायला लागले. चाळीस बाटल्या. आणि मधले दहा आठवडे संपून पुढचे दहा सुरू होणार होते. त्यांनी वही उघडली, पट्टी घेतली, खेपेवर सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : 'वापरण्यापूर्वी बादली तपासली नाही.' खाली तारीख आणि स्वतःची सही.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"तपासणं माझं काम आहे, फ्राऊ नाखबारिन."

त्या दिवशी त्यांच्या कोटाच्या खिशात डॉक्टरांचं पत्र होतं. हे आम्हाला नाताळानंतर कळलं. स्वादुपिंडाचा कर्करोग, पसरलेला. आठवडे, कदाचित महिने.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा खेप लावली. नव्या बादलीत. पाणी आणायला नवरा गेला, गाडी घेऊन जाऊ का म्हणाला तर त्यांनी ऐकलं नाही. पाणी रेल्वेनेच येतं. ते खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी करत होते. बशीत थेंब टाकला, पिवळा राहिला, त्यांनी मान हलवली. अठरा दिवसांनी बाटल्या भरल्या तेव्हा ते जिना उतरू शकले नाहीत. लेक त्यांच्या दारात उभी राहून तेच म्हणाली, पण ओरडून नाही. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, तरी त्यांनी हात कपाळापर्यंत नेला.

बाटल्या भरून बारा दिवस झाले होते तेव्हा ते गेले. मनाई असताना गेले. मी पहिला विचार केला तो त्यांचा नाही, फ्रीजचा. अजून सहा आठवडे तरी ती बियर पाजण्यासारखी होणार नव्हती. इकडे शवपेटी आठवड्याभरात पुरतात. पाच वर्षं एक माणूस जी वेळ गाठायला बघत होता, ती माझ्या घासणीमुळे हुकली. नवरा समजूत घालत होता, मी जेवत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांची पुतणी आली. शाळेत शिकवते, लांब राहते, मी तिला आधी दोनदाच पाहिलं होतं. हातात एक कागद होता. "आल्झो, तर काकांनी अंत्यविधीचं लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "पण हे मला कळत नाही. यात तुमचा उल्लेख आहे."

त्यांचं ते सरळ अक्षर. वर लिहिलं होतं : शवपेटी, पत्नीशेजारी. त्यावर पट्टीने मारलेली एकच रेघ. शेजारी : दहन. खाली : 'अस्थिकलश थांबू शकतो. दफनाचा दिवस शेजारीणबाईंचं नाक ठरवील.' मग तारीख आणि सही. तारीख होती त्यांनी तो आंबट घोट घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

मी तो कागद पुतणीला वाचून दाखवला, समजावून सांगितला, आणि शेवटी तीही माझ्यासारखीच रडायला लागली. माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती ती वहीत नाही. इथे.

दोन आठवडे थांबून मग दर शनिवारी मी एक बाटली उघडली. पहिल्या शनिवारी काडीचा वास होता. दुसऱ्या शनिवारी होता. तिसऱ्या वेळी अगदी थोडा. दर वेळी पुतणीला फोन करून 'अजून नाही' सांगायचे आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. चौथ्या शनिवारी वास नव्हता. मी ग्लास फिरवून फिरवून हुंगला. बियर तयार होती, स्वच्छ, कडवट, पावाच्या कवचासारख्या वासाची. मी फोन केला आणि सांगितलं, "अजून नाही." तयार म्हटलं की ते जाणार होते. चार वर्षांत या नाकाने एकदाच खोटं सांगितलं ते तेव्हा. पुढच्या शनिवारी निळ्या रबराची शेवटची बाटली उघडली, आणि मग थांबायला काही निमित्त उरलं नाही.

कबर उघडली होती ती हातभर रुंद. कलश उतरवायला एकाच माणसाला वाकावं लागलं. एक मीटर शहाऐंशीच्या माणसाला एवढीशी जागा पुरली हे बघताना मी नवऱ्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. मग गल्लीतली सगळी खानावळीत गेली. खानावळवाल्याने स्वतःची बियर न विकता आमच्या बाटल्या मांडू दिल्या. मी चोथ्याची थालीपिठं केली होती, चोथा जानेवारीतच गोठवून ठेवला होता. माणसं मोजली नाहीत, पण प्रत्येकापुढे बाटली आली, आणि दोन बाटल्या टेबलाच्या टोकाला दोन रिकाम्या खुर्च्यांपुढे ठेवता आल्या. बेकरीवाल्या आजी त्यांच्या बायकोचं सांगायला लागल्या, ती कशी खिडकीतून गल्लीभर गप्पा मारायची. मग कोणी ना कोणी सांगतच राहिलं. तीन तास कोणी उठलं नाही. मी माझी बाटली पूर्ण प्यायले. मला ती आवडली असं म्हणणार नाही. पण ती पुऱ्या मापाची होती.

घरी आल्यावर रिकाम्या बाटल्या घेऊन मी तळघरात गेले. फ्रीज रिकामा होता. दार उघडं टाकून मी नवी बादली कोमट पाण्याने धुवायला घेतली, नुसत्या तळहाताने, हळूहळू, एकही चरा उमटणार नाही अशी. लेक मागोमाग येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिने फ्रीजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "हॉयटे निश्ट श्टेर्बेन."

"नाही गं," मी म्हटलं. "कठडा धरूनच उतरले मी."